गजर झाला, जवाईबापू

सामना हरल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न सुरळीत पार पडल्याचं समाधान दिसतं, असा फुटबॉलचा प्रशिक्षक साऱ्या भारतात एकच असेल, आणि तो नेमका माझाच सासरा निघावा हा माझ्या पत्रिकेचा दोष. जावयाला लोक पाटावर बसवतात, पंखा त्याच्याकडे वळवतात, भाजीतला चांगला तुकडा शोधून त्याच्या ताटात टाकतात. आमच्या मामाजींनी मला चौदा वर्षं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तीही मैदानाबाहेर, सामना ऐन रंगात आलेला असताना, आणि ‘जवाईबापू, या आता बाहीर, चाय थंडी होऊन राहिली’ असं पाचशे माणसांच्या देखत सांगून. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून मी मामाजी म्हणतो. मनात काय म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मामाजी मूळचे धानाचे शेतकरी. गावाचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला असं ते कधीच स्वतःहून सांगत नाहीत, फक्त पाहुण्याला गाव दाखवायला निघाले की पाय आपोआप तलावाच्या पाळीकडे, त्या मातीच्या बांधाकडे वळतात. पाळीखालची पडीक जागा त्यांनी तरुणपणी चार मित्रांना घेऊन सपाट केली, दोन्ही टोकांना बांबू रोवले आणि आमच्या क्लबचा जन्म झाला. प्रशिक्षणाचं पुस्तक त्यांनी उघडलेलं नाही. रोज पहाटे साऱ्या टीमला पाळीवरून दोन फेऱ्या पळवायचं, आपण मागून सायकलवर बेशरमच्या झुडपाची काडी घेऊन यायचं, आणि शेवटी प्रत्येकाच्या ओंजळीत भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा टाकायचा, एवढी त्यांची विद्या. काडी त्यांनी कुणाला मारलेली मी पाहिली नाही. माझ्या बाबतीत मात्र ती एक-दोनदा हवेत फार जवळून गेली, कारण त्या दोन फेऱ्यांत सगळ्यात मागे सायकल असायची आणि सायकलच्या किंचित पुढे मी असायचो.

इथे माझ्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. मी गोंदिया शहरातला. शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत एकदा एक गोल मारला होता. त्या एका गोलाच्या जोरावर मी पुढची पंचवीस वर्षं स्वतःला स्ट्रायकर समजत आलो. लग्नानंतर योगायोगाने सासुरवाडीच्याच गावात शाळामास्तर म्हणून बदली झाली आणि जावई म्हणून थेट टीममध्ये जागा मिळाली. तिथे सगळ्यात पुढे मी उभा असे. खेळ बहुतेक वेळा माझ्या मागे चाललेला असे. एकदा बायकोकडे तक्रार केली, की तुझे बाबा दर वेळी पहिला मलाच बाहेर काढतात. ती भाकरी उलटत म्हणाली, “बाबाच नाही, सारं गाव म्हणते. तुम्ही बाहीर आले की टीम धावाले लागते.” त्या दिवशी मी तिच्या हातची दुसरी भाकरी घेतली नाही. तिसरी घेतली.

पण मामाजींचं खरं वेड म्हणजे त्यांचं घड्याळ. त्यांच्या लग्नात आहेरात आलेलं चावीचं गजराचं घड्याळ, दोन कानांचं, निळ्या रंगाचे पोपडे गेलेलं. सामन्याच्या दिवशी ते धानाच्या पोत्यात बॉलसोबत येई आणि मैदानाच्या कडेला एका खुर्चीवर त्याची स्थापना होई. दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला गजर व्हावा अशा बेताने मामाजी काटा लावत. घड्याळ म्हातारं, त्यामुळे ते कधी सहाव्या मिनिटाला ओरडे, कधी पंधराव्या. पण ओरडलं की मामाजी उठत, आणि स्कोअर काहीही असो, तीन जुने बाहेर आणि बाकावरची तीन पोरं आत. आपण दोन गोलांनी पुढे असू, एका गोलाने मागे असू, समोर फायनलची शील्ड टेबलावर चमकत असू दे, नियम तोच. तीन जुन्यांत पहिला मी. “घरापासून सुरुवात केली का बाकीचे रुसत नाहीत,” असं त्यांचं म्हणणं. पंचक्रोशीत हा प्रकार इतका माहीत झाला होता की समोरच्या टीमचे लोक गजराची वाट पाहत खेळत. देवरीकडच्या एका स्पर्धेत तर माइकवरचा माणूस सरळ सांगू लागला, “दर्शकों, धीरज रखिए, अब मामाजी का गजर बजनेवाला है, और मॅच खुलनेवाला है.” गजर वाजला, मी बाहेर आलो आणि खरोखरच मॅच खुलला. आम्ही तीन गोल खाल्ले.

त्यातले दोन गोल ज्याने मारले तो आमच्याच क्लबमध्ये वाढलेला. सासुरवाडी त्या गावची म्हणून आता त्यांच्याकडून खेळत होता. त्याने दुसरा गोल मारला तेव्हा आमच्या बाजूला स्मशानशांतता होती आणि त्या शांततेत एक माणूस टाळ्या वाजवत होता. सामना संपल्यावर मामाजींनी त्याला बोलावलं, आमच्या पिशवीतले उरलेले चणे त्याच्या ओंजळीत ओतले आणि म्हणाले, “डावा पाय आता बरोबर बसून राहिला तुया.” तो पाया पडला. मी चण्याच्या रिकाम्या पिशवीकडे पाहत राहिलो.

परत येताना मोटारसायकलवर मी त्यांना विचारलंच. म्हटलं, “मामाजी, एक तरी फायनल जिंकू द्या ना. पोरं काय, पुढच्या वर्षीही खेळतील.” दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांतून पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, रोवणी झालेली होती. मग मागून म्हणाले, “पऱ्हे वाफ्यातच ठेवून ठेवून कितीक दिस ठेवाल जवाईबापू? पिवळे पडतेत. येळेवर उपटून रोवाच लागतेत.” मी म्हटलं, ती धानाची गोष्ट झाली. ते म्हणाले, “पोट्ट्याईचीबी तेच हाय. इथले सारे जातेत. कोनी नागपूर, कोनी रायपूर, कोनी बोरवेल खोदाच्या गाडीवर पार तिकडं मद्रासकडं. जाऊ द्या, पोट भराले जाचंच हाय. पन ज्यानं गावाची फायनल खेळली ना, तो मंडईले वापस येते. ज्याले बसवूनच ठेवलं, तो कायले येईल?”

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, नाटक, दंडारीचे नाच, पाळणे, आणि त्याच दिवसांत स्पर्धा असते. खरोखरच त्या आठवड्यात कुठून कुठून आमची माणसं उतरत, बॅग घरी टाकायच्या आधी मैदानावर येत आणि मामाजी त्यांच्या ओंजळीत चणे टाकत. ती आली नाहीत तर आमची अकरांची टीमसुद्धा भरली नसती. हे मला दिसत होतं. पण मी शिकलेला माणूस, मला ते म्हाताऱ्याचं भोळेपण वाटलं.

आणि मग ती फायनल आली. मला एक्केचाळिसावं लागलं होतं, उजवा गुडघा जिना चढताना बोलू लागला होता, आणि ही आपली शेवटची हे मला कळून चुकलं होतं. मला फक्त एवढंच हवं होतं, की शेवटची शिट्टी होईल तेव्हा मी मैदानात असावं आणि शील्डला माझे हात लागावेत. शाळेतल्या कपाटावर मी तिच्यासाठी जागासुद्धा पुसून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी मामाजी चणे वाटताना म्हणाले होते, “आज तुमेशले पहिल्या नंबरानं उतरवाचं हाय. परवा बोरच्या गाडीवर जाऊन राहिला तो.” तुमेश सतरा वर्षांचा, माझ्याच शाळेतून गेलेला, माझ्या जागी खेळणारा. मी ते नीट ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पहिल्या हाफमध्ये आम्ही एक गोल केला. गोल माझ्या नावावर आहे. खरं सांगायचं तर मी गोलकडे पाठ करून बुटाची नाडी सैल झाली का ते पाहत होतो, तेव्हा कुणीतरी मारलेला बॉल माझ्या पाठीवर आदळून आत गेला. लोकांनी मला उचललं. पाठीला मार बसलेला होता, पण डोक्यात त्याहून जास्त काहीतरी शिरलं. मधल्या वेळेत मामाजी लिंबू कापत होते. मी खुर्चीशी पाणी प्यायला गेलो, आणि घड्याळाच्या डोक्यावरची गजराची कळ अंगठ्याने खाली दाबली.

दुसरा हाफ सुरू झाला. दहावं मिनिट गेलं, पंधरावं गेलं. माइकवरचा माणूस गोंधळला, “दर्शकों, आज गजर को क्या हुआ है, पता नहीं.” तुमेश बूट घालून, नाड्या दोनदा आवळून, रेषेवर उड्या मारत होता. तो घड्याळाकडे बघे, मग मामाजींकडे. मामाजींनी घड्याळ उचलून कानाला लावलं. टिकटिक चालू होती. त्यांनी ते खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना वेळ कळत नव्हती असं नाही, हाक मारता येत नव्हती असंही नाही. ते नुसते पाहत राहिले, मी स्वतःहून येतो का ते. मी बॉलकडे पाहत होतो, जो त्या वेळी माझ्यापासून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तुमेशच्या उड्या हळूहळू थांबल्या. मग तो बसला.

आम्ही जिंकलो. एक शून्य. शील्डला माझे हात लागले, फोटो निघाला, आणि त्या फोटोत मी इतका वाईट हसतो आहे की बायकोने तो फोनमधून काढून टाकला.

संध्याकाळी मामाजींनी मला जेवायला बोलावलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी पाट मांडला होता. तलावाची मासोळी होती, पंखा माझ्याकडे वळवलेला होता आणि मामाजी स्वतः वाढत होते. “घ्या जवाईबापू, आज तुमचा मान हाय.” मी दुसरा घास घेतला तेवढ्यात त्यांनी फडताळातलं घड्याळ काढलं, गजराचा काटा चालू वेळेवर आणला, वरची कळ बोटाने उचलली, आणि घर दणाणून गेलं. त्यांनी ते पूर्ण वाजू दिलं. मग म्हणाले, “नाही, घड्याळ चांगलं हाय,” आणि मला आणखी एक तुकडा वाढला. मासोळीचा काटा घशात अडकला असता तर बरं, असं मला वाटलं. तोही अडकला नाही.

तिसऱ्या दिवशी तुमेश गेला. बस शाळेसमोरूनच जाते. पोरांनी वर्गाच्या खिडकीतून हात हलवले. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो आणि फळ्यावर लिहायला मला काही सुचत नव्हतं.

गेल्या मंडईला सगळे आले. तुमेश आला नाही. मामाजींचे गुडघे आता माझ्यापेक्षा जास्त बोलतात, त्यामुळे स्पर्धेच्या सकाळी त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं. “चाबी आता तुमी भरत जा. मी पाळीवून पायतो.” मी म्हटलं, “मामाजी, त्या दिवशी मी...” ते म्हणाले, “चने भिजवले का?” चणे भिजवलेले होते.

सेमीफायनलला आम्ही दोन एक पुढे होतो. गजर बाराव्या मिनिटाला वाजला. मी उठलो, तीन जुन्यांना बाहेर घेतलं, त्यातला एक माझ्यावर असा भडकला की मला माझीच जुनी भाषणं आठवली, आणि तीन पोरं आत सोडली. एकाने आत जाण्याआधी नाड्या दोनदा आवळल्या. आम्ही तीन दोन हरलो. पाळीवर मामाजी काठी धरून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नाचं ते जुनं समाधान होतं.

मामाजींच्या घरी येऊन मी तुमेशला फोन लावला. मागे बोरच्या यंत्राची घरघर होती, त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

“जिंकले का जी सर?”

“हरलो.”

“गजर वाजला?”

“वाजला,” मी म्हटलं. मग म्हटलं, “तुमेश, मागच्या साली मी दाबला होता.”

“मालूम हाय सर. मी खुर्चीपाशीच उभा होतो.”

त्याने हे वर्षभर कुणालाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, पुढच्या मंडईला येशील का. तो म्हणाला, “सुट्टी भेटते का पायतो,” आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

मामाजी खाटेवर पडून ऐकत होते. “काय म्हनते?” मी सांगितलं. ते कुशीवर वळले, हात लांब करून माझ्या मांडीवरचं घड्याळ घेतलं, आणि स्पर्धा संपलेली असताना, पुढचा सामना वर्षभर लांब असताना, त्याला सावकाश पुरती चावी भरून ते माझ्या हातात परत दिलं.