शीर कापली नव्हती

आमच्या रिठदात अजूनही सांगतात, की वाशिमच्या एका डॉक्टरनं माझ्या वडिलांचं ऑपरेशन करताना पायाची शीर कापली. हे खोटं आहे. ते खपवणाऱ्यांत शिकलेला मी एकटाच होतो, म्हणजे सगळ्यांत नालायक मीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत मास्तर होतो. वडिलांचा हर्निया अडकला आणि अकोल्याला न्यायला वेळ उरला नाही. वाशिमला आमच्या माहितीतला सर्जन एकच, तरुण, हुशार आणि बौद्ध. काका दवाखान्याच्या पायरीवरच अडले.

"याच्या हातून कापून घ्याचं?"

"मंग तू काप," वडील कळवळत म्हणाले.

कापून घेतलं. जीव वाचला. त्याचे हात आमच्या आतड्याला चालले, त्याच्या दवाखान्याच्या माठातलं पाणी मात्र चाललं नाही. सकाळच्या एसटीनं मी रिठदहून कळशी न्यायचो. गाडीच्या गचक्यांनी अर्धी सांडायची. ऐन उन्हाळ्यात वडील उरलेलं पाणी घोटाघोटानं पुरवायचे. आत्याचं म्हणणं, कमी पाणी बरंच, नाहीतर टाके पिकतात. ताकद यावी म्हणून डब्यात कलेजीचा रस्सा मात्र गळ्यापर्यंत. असे आम्ही सोवळे.

डॉक्टर रोज विचारायचा, "मास्तर, पाणी पाजता ना? लघवी फार कमी होते त्यांना."

"पाजतो ना, भरपूर."

टाके काढायच्या आधीच वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. लालबुंद झाला. धोतराचा काठ लागला तरी ते ओरडायचे. डॉक्टरनं पाय पाहिला.

"हा गाऊट आहे, सांध्याचा वात. ऑपरेशननंतर शरीरातलं पाणी कमी पडलं, त्यात मटण-कलेजी खाल्ली, की उसळतो. बाबा, आधी कधी झालं होतं असं?"

"कधीच नाही," वडील म्हणाले.

झालं होतं. पोहरादेवीच्या यात्रेहून मटणावर ताव मारून आले होते, तेव्हा आठवडाभर त्यांना बैलगाडीत चढवत नव्हतं. मला ते ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

काकांना तेवढंच पुरलं. "पोट कापलं आन आंगठा कायले सुजन? शीर कापली यानं. म्या पह्यलेच म्हनलं होतं. उचला, घरी नेऊ."

डॉक्टर भांडला नाही. गोळ्यांची पुडी माझ्या हातात देत म्हणाला, "माझ्या माठातलं नको असेल तर तुमच्या विहिरीतलं पाजा. पण पाजा."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

घरी आपल्या विहिरीचं पाणी पोटभर मिळालं, गोळ्याही चालू होत्या, सूज उतरली. श्रेय मात्र काकांनी बांधलेल्या एरंडाच्या पाल्याला गेलं. काकांनी केनवडच्या बाजारात शिरेची बातमी सोडली आणि ती वांग्यांच्या आधी खपली. पोटाच्या ऑपरेशनात पायाची शीर सापडते कुठं, हे एकाही माणसानं विचारलं नाही. माणूस आधीच ठरला होता, गुन्हा मागून मिळाला. काहीजण माझ्याकडं आले. "मास्तर, खरं का हो?"

"पाय तर सुजला होता ब्वा," मी म्हणायचो.

मास्तराचं उत्तर. खोटं म्हणून पकडता येत नाही आणि माणसाला पुरतं गाडतं. आमच्या भागातले पेशंट तिकडं जायचे थांबले. पुढं त्यानं दवाखाना बंद केला आणि गाव सोडलं. बहुतेकांना बरंच वाटलं. आता कुणी अडलं की अकोला गाठेपर्यंत विव्हळत जायचं, त्यालाही आमची हरकत नव्हती.

परवा घरच्या लग्नात काकांचा नातू पाहुण्यांना हीच गोष्ट रंगवून सांगत होता. मी गाऊटनंच सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून बसलो होतो. मी त्याला मधेच थांबवलं. माठ, कळशी, कलेजी, माझं 'पाजतो ना', सगळं सांगितलं.

"शीर कोणी कापली नव्हती. आपनच पानी पेऊ देलं नाही. हा माहा पाय पाह्य. मले तं कोनी कापलं नाही ना?"

"तुमचं वेगळं हाय आबा," तो हसत म्हणाला. "तुमचं वयानं झालं."

आणि पाहुण्यांकडं वळून त्यानं सोडली होती तिथून गोष्ट पुन्हा सुरू केली. कुणी हरकत घेतली नाही. त्याच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, म्हणून हे कागदावर ठेवतो आहे. तो डॉक्टर चांगला होता. त्यानं माझ्या वडिलांना वाचवलं, आणि त्याचं नाव आम्ही, माझ्या घरानं, बुडवलं.