धोंड्याचा प्रोसेसर

अधिक महिन्यात सासऱ्याकडे अंगठीऐवजी प्रोसेसर मागणारा जावई आमच्या जिल्ह्यात मी एकटाच निघालो.

साल दोन हजार चार. लग्नानंतरचा माझा पहिलाच धोंड्याचा महिना. वसमतला माझं एका खोलीचं दुकान होतं, आणि दुकानात लग्नपत्रिका तयार करायला एकुलता एक कम्प्युटर होता. तो मी घेतला तेव्हाच त्याने दोन मालक पाहिलेले होते. पत्रिकेवरचा गणपती पडद्यावर यायचा तो हप्त्याहप्त्याने. आधी मुकुट, मग बऱ्याच वेळाने सोंड, आणि मोदकापर्यंत पोचेस्तोवर गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानात गेलेलं असायचं! दिवाळीनंतरची लग्नसराई असल्या गणपतीवर काढणं शक्यच नव्हतं. नवा प्रोसेसर नाही बसला तर दुकानाला कुलूप, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून पुसेगावहून सासऱ्यांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, "जावईबापू, अंगठी करू का गोफ?" तेव्हा मी लाज गुंडाळून ठेवली.

"मामा, प्रोसेसर द्या."

"ते काय असतंय?"

"कम्प्युटरचं इंजिन समजा. पेंटियम थ्री म्हणायचं. नांदेडला मिळतं."

"थ्री म्हणजे तीन ना? बराबर! तुमी कम्प्युटर घेऊनच या. समद्यांसमोर बसवू."

सासऱ्यांची आज्ञा! मी कम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीत चढलो. मॉनिटर माझ्या मांडीवर, डबा बायकोच्या. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट लागतंय." मी म्हणालो, "मांडीवर आहे की!" तर तो गोधडीत डोकावून म्हणाला, "मांडीवर लेकरू बसतंय, टीव्ही न्हाई!"

पुसेगावात ओसरी गच्च भरलेली. भावकी, शेजारी, आणि कुणीही न बोलावलेले पोस्टमनही. मध्यभागी पाटावर मी. समोर ताटात तेहतीस अनारसे, एक दिवा, आणि अनारशांच्या राशीवर विराजमान झालेला प्रोसेसर. सासूबाईंनी त्याला हळदीकुंकू वाहिलं. (पाठीला वाहिलं म्हणून वाचलो. त्या आधी "याचं तोंड कोणत्या बाजूला?" असं विचारत होत्या.) मामा तर नुसते फुलून आले होते. नांदेडहून येताना वारंग्याच्या फाट्यावर बस बंद पडली तेव्हाही त्यांनी प्रोसेसरची डबी खाली ठेवली नव्हती. उपरण्यात बांधून, तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून आणली होती.

मी ती वस्तू हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"मामा, हा... हा तर फोर आहे."

"व्हय!" मामा गर्दीकडे बघत म्हणाले. "दुकानदार म्हणे थ्री बी हाय, फोर बी हाय. मी म्हणलं, मोठा कोणता? म्हणे फोर. मंग? जावयाला तीन द्यायचा अन् चार दुकानात ठिवून यायचा? आपल्या घरी तशी रीत न्हाई!"

ओसरीभर वाहवा झाली. आता या माणसाला सगळ्या गावासमोर कसं सांगायचं, की मामा, याला पाय जास्त आहेत आणि माझ्या कम्प्युटरला भोकं कमी आहेत? हा माझ्या डब्यात या जन्मी बसायचा नाही!

मी गर्दीकडे पाठ करून डबा उघडला. पंखा काढला, जुना प्रोसेसर उपटला, आणि उगीच आशेने नवा त्या जागी धरून पाहिला. छे! बायको मदतीच्या निमित्ताने शेजारी येऊन बसली.

"काय झालं?" ती कुजबुजली.

"बसत नाही."

"जरा दाबा की!"

"अगं, ती काय चेन तुटलेली बॅग आहे का दाबायला?"

मागून मामांचा आवाज आला, "काहून थांबले जावईबापू? काही तकलीफ?"

"नाही मामा! सगळ्यांनी जरा मागे सरा. यात करंट असतो!"

गर्दी अंगणात गेली. पोस्टमन तर रस्त्यावर. तेवढ्या वेळात मी जुनाच प्रोसेसर परत जागेवर बसवला, नवा शर्टाच्या खिशात घातला, पंख्यावर साठलेली धूळ झटकली, एक वाळलेली पाल बाहेर काढली आणि झाकण लावून टाकलं. माझा बेत साधा होता. सोमवारी गुपचूप नांदेड गाठायचं, फोर देऊन थ्री आणायचा. कुणाचं मन मोडायला नको आणि माझी लग्नसराईही वाचेल!

बटण दाबलं. कम्प्युटर नेहमीच्याच गतीने उठला. पण पंखा साफ झाल्यामुळे त्याची घरघर थांबली होती.

"आवाजच न्हाई!" मामा ओरडले. "नवा माल तो नवा माल!"

"लई फास्ट झाला," पोस्टमन रस्त्यावरून म्हणाले. त्यांना तिथून पडदा दिसतही नव्हता.

मी सुटकेचा श्वास टाकून पहिला अनारसा तोंडात घातला. तेवढ्यात मामांनी हात पुढे केला.

"आता जुना द्या."

"जुना?"

"इंजिन काढलं न्हाई का जुनं? ते द्या. थोरले जावई रुसून राहिले, धाकट्याला म्हागाची वस्तू दिली म्हणून. त्यांनी बी कम्प्युटर घेतलाय कळमनुरीला. तुमचं उतरलेलं त्यांना देऊ. बैल काय, आधी दुसऱ्यानं हाकला म्हणून चालायचं इसरतोय का?"

जुना डब्यात चालू होता आणि माझ्याकडे देण्यासारखा फक्त खिशातला होता! "देतो, जरा पुसून देतो," असं म्हणून मी न्हाणीघरात पळालो. माणसं जुनी वस्तू नवी दिसावी म्हणून घासतात. मी कोरी करकरीत वस्तू जुनी दिसावी म्हणून तिचं हळदीकुंकू पुसून तिला चुलीची राख फासत होतो! रडू येत होतं, पण आवाज बाहेर जाईल म्हणून तेही करता येईना.

थोरल्या साडूंचा कम्प्युटर नवाच होता, फक्त प्रोसेसर त्यांनी काटकसरीने हलक्यातला घेतलेला. त्यांच्या डब्यात माझा फोर असा बसला, जणू त्याच्यासाठीच जन्मला होता. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"पाव्हणे, तुमचा जुना तर विमानासारखा पळून राहिला! मेकॅनिक म्हणे, ज्यानं वापरला त्यानं लई जपून वापरला!"

"हो, माझा हात हलका आहे," मी म्हणालो.

"जुना असा, तर नवा कसा असंल? बघायलाच येतो!"

आणि आले! मी बटण दाबलं आणि चहा मागवला. चहा आला, संपला, पोऱ्या कप घेऊन गेला, तेव्हा पडद्यावर पत्रिका उघडली आणि गणपतीचा मुकुट दिसायला लागला. साडू सोंडेची वाट पाहत बसले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पाव्हणे, मामाला फसवलं दुकानदारानं. चला, मामाला घेऊन नांदेडला जाऊ. गचांडीच धरतो त्याची!"

तो बिचारा दुकानदार पहिल्याच वाक्यात सगळं उलगडून सांगणार! आणि उपरण्यातून डबी आणणारा तो म्हातारा ऐकत उभा राहणार. ते मला खरोखर सहन झालं नसतं.

"नको दाजी! मामांना कळू देऊ नका. त्यांनी किती हौसेने आणलाय! मी घेईन चालवून."

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मन लई मोठं हाय तुमचं. मंग असं करा, लग्नसराईभर कळमनुरीला येत जा. माझी मशीन दुपारी रिकामीच असते."

अशी माझी लग्नसराई निघाली. रोज बसने कळमनुरी, आणि तिथे माझ्याच प्रोसेसरवर गणपती मोदकासकट एका झटक्यात हजर! बसभाडं गेलं, पण दुकानाला कुलूप लागलं नाही. मामांना आम्ही सांगितलं, काम एवढं वाढलंय की एका मशीनवर भागत नाही, म्हणून दाजींचीही वापरतो. मामा इतके खूश झाले की त्यांनी पुसेगावला जेवण ठेवलं आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "थोरल्याचे उपकार इसरू नका. आपली वस्तू अशी दुसऱ्याला कोण वापरू देतंय?"

मी उठलो, थोरल्या साडूंना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला, वाकून पाया पडलो, आणि माझाच प्रोसेसर मला वापरू दिल्याबद्दल सगळ्यात मोठ्याने टाळ्याही मीच वाजवल्या!