कठडा नसलेला जिना

सिस्टरनी आयुष्यभर माणसं उचलली. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नोकरी, त्यातली वीस हाडांच्या वॉर्डात. निवृत्त झाल्या त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "आता मी उशीसुद्धा उचलणार नाही." चार वर्षांनी नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, पाय थोडा परत आला, हात आलाच नाही. सिस्टर मुकाट्याने पुन्हा ड्यूटीवर रुजू झाल्या.

त्यात घर हे असं. त्यांचे मामंजी, म्हणजे सासरे, नावाजलेले वास्तुविशारद. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतःसाठी बांधलं. सपाट छप्पर, जमिनीपासून छतापर्यंत काच, भिंती अगदी नाइलाज म्हणून घातल्यासारख्या. दिवाणखाना एवढा मोकळा की शिंक आली तर आपणच दचकावं. आणि तो जिना! भिंतीतून बाहेर आलेल्या काँक्रीटच्या चौदा फळ्या, दोन फळ्यांमध्ये नुसती पोकळी आणि कठडा मुळीच नाही. कठड्याने जिन्याची रेघ तुटते, असं मामंजींचं म्हणणं. स्वतः ते साठीच्या आतच झोपेत गेले. दुखऱ्या गुडघ्यांनी तो जिना उतरायची वेळ त्यांच्यावर आली नाही. याचा सिस्टरना राग होता आणि तो त्या कुणापासून लपवत नसत.

निजायची खोली वर. उतरताना भिंत डाव्या अंगाला येई, आणि नवऱ्याचा डावा हात निकामी. उजवा धडधाकट, पण उजवीकडे नुसती हवा. म्हणून रोज सकाळी सिस्टर त्याच्या एक पायरी खाली, त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहत. त्याचा उजवा हात त्यांच्या खांद्यावर.

"आधी डावा. हं. आता उजवा. खाली बघू नका हो, माझ्याकडे बघा."

असं चौदा वेळा, आणि तेही स्वतः उलट पावलांनी. एवढं करून खाली पोचलं की नवरा खुर्चीत बसून काचेबाहेर बघे आणि म्हणे, "दादांनी काय उजेड आणलाय बघ घरात."

नवरा विमा कचेरीत कारकून होता. वडिलांची, दादांची, बुद्धी आपल्यात उतरली नाही हे त्याने लवकरच मान्य केलं होतं. त्यांचं घर तेवढं जिवापाड जपलं. ते वारसा वास्तू म्हणून जाहीर झालं तेव्हा वारसा समितीच्या कागदांवर त्यानेच हौसेने सह्या केल्या. आता परवानगीशिवाय खिळाही ठोकायची सोय नव्हती. पलंग खाली हलवू या म्हटलं की तो तापे. "दादांच्या दिवाणखान्यात पलंग? मग लोकांनी यायचं तरी कशाला?"

लोक दर शनिवारी येत. एक प्राध्यापक त्यांना घेऊन यायचे, जिन्यासमोर उभे राहून तो कसा तरंगतोय ते सांगायचे. मग अदबीने म्हणायचे, "सिस्टर, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहत.

शेवटी त्यांनीच समितीला अर्ज केला. एक साधा लोखंडी पाइप, उजव्या हाताला, बस. समितीची माणसं आली, मोजमापं घेतली, जिन्याचं तोंडभर कौतुक केलं आणि गेली. सात महिने उत्तर नाही. त्या सात महिन्यांत एका सकाळी नवऱ्याचा तोल गेला. सिस्टरनी त्याला अख्खा अंगावर झेलला. त्याला खरचटलंही नाही. सिस्टरचा खांदा मात्र तेव्हापासून वर जाईना. वेणी घालायलाही शेजारीण लागू लागली. नवऱ्याला त्यांनी सांगितलं, झोपेत अवघडला.

उत्तर आलं ते एका गुरुवारी, सकाळीच. नवरा अजून वरच पलंगावर बसला होता, सिस्टरनी मोठ्याने वाचलं. "आधार तात्पुरत्या स्वरूपाचा असावा. त्यासाठी भिंतीस वा पायऱ्यांस छिद्र पाडू नये. पाहुण्यांच्या भेटीवेळी तो नजरेआड करता यावा."

"म्हणजे काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. मी आहेच की," सिस्टर म्हणाल्या. "छिद्र पाडावं लागत नाही, आणि शनिवारी मला आत पाठवता येतं."

त्या हसायला गेल्या, पण ते काही जमलं नाही. नवऱ्याने कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. मग बराच वेळ तो त्यांच्या खांद्याकडे बघत राहिला. त्या दिवशी तो खाली उतरलाच नाही.

शुक्रवारी त्याने खिडकीतून शेजारच्या शिंप्याला हाक मारली. शिंपी आणि त्याचा मेहुणा, दोघांनी मिळून आधी त्याला खाली नेलं, मग पलंग.

शनिवारी प्राध्यापक पंधरा-वीस माणसं घेऊन आले आणि दारातच थबकले. दिवाणखान्याच्या ऐन मध्यावर पलंग, त्याखाली भांडं, दांडीवर टॉवेल आणि पलंगावर घरमालक.

"सर, हा अर्ध्या तासापुरता बाजूला घेतला तर चालेल का?" त्यांनी हळूच विचारलं. "तो मोकळेपणाच तर दाखवायचाय."

"नाही," नवरा म्हणाला. "इथून काही हलणार नाही. ती दमलीये."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, आणि आज ते वीस माणसांसमोर निघालं. सिस्टर आज आत गेल्या नव्हत्या; त्या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या. कुणीतरी पाणी आणून दिलं. खांदा फार दुखतोय, असं म्हणाल्या आणि रडू लागल्या.