जनुभाऊंचं ढगातलं दुकान

कोणी रिपोर्ट मागायला आलं की जनुभाऊ उजव्या हाताचं बोट छताकडे करत आणि म्हणत, "वर गेला." त्यांच्या मते हे फार सोपं उत्तर होतं. काढलेला फोटो वर, म्हणजे क्लाउडवर गेला. तिथून ठाण्याचे डॉक्टर तो उघडतील, वाचतील आणि रिपोर्ट खाली पाठवतील. पण सिद्धगडाच्या पायथ्याकडून नवऱ्याला घेऊन आलेल्या एका आजीला यातलं काय ठाऊक? तिनं विचारलं, "आमच्या म्हाताऱ्याचा काय झाला?" भाऊंनी बोट वर केलं. "वर गेला." आजीनं तिथंच हंबरडा फोडला. आत तिचा म्हातारा सदऱ्याची बटणं लावत होता. रडणं ऐकून, कोण गेलं ते बघायला तोही धावत बाहेर आला. "रिपोर्ट गो आजी, रिपोर्ट!" भाऊ ओरडत राहिले. त्यानंतरही त्यांनी आपलं वाक्य बदललं नाही. "लोकांनी शिकायला पायजे," म्हणाले.

मी तिथं मशीन चालवायला होते. मूळची शहापूरची; लग्नानंतर मुरबाडला आले आणि घराजवळ नोकरी मिळते म्हणून जनुभाऊंच्या स्कॅन सेंटरमध्ये लागले. मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच ते होतं. भाऊंचा आधीचा धंदा वीटभट्टीचा. पुढे मंडप, मग जेसीबी. आरोग्यसेवेत ते कसे आले असं विचारलं तर सांगत, "मंडपात लोकं एकदाच येतात. आजारी माणूस परत परत येतो." हे ते गंमत म्हणून सांगत नसत.

एक मात्र कबूल करायला हवं, सेंटर चाललं की छान चालायचं. पूर्वी डोक्याला मार लागला की कल्याण गाठावं लागे, तिथं रांग, तिथून ठाणे. आता मशीन आमच्याकडे, वाचणारे डॉक्टर ठाण्यात, आणि चहा पिऊन होईपर्यंत रिपोर्ट हजर. मागच्या वर्षीचा फोटो पेशंटनं चुलीत घातला असला तरी नाव टाकलं की पडद्यावर येई. आटगावचा एक दुकानदार तर केवळ हे बघायला आला होता. भाऊंनी त्याला शेजारी बसवून समजावलं, "आपलं दुकान जमिनीवर नाय. दुकान ढगात. इथं फक्त शटर."

त्या ढगापर्यंत जाणारी वायर मात्र त्यांच्या चुलतभावाच्या आंब्यावरून गेलेली होती.

रमाकांत हा तो चुलतभाऊ. त्याचा केबल आणि इंटरनेटचा धंदा. घरचा माणूस म्हणून त्यानं लाइन फुकट दिली होती. त्याच्या गच्चीवरून निघायची, आंब्याला वेढा घालायची, सार्वजनिक नळाच्या टाकीला टेकायची आणि आमच्या खिडकीतून आत यायची. माकडं तिच्यावर झोके घेत. मी भाऊंना सांगितलं, दुसऱ्या कंपनीची आणखी एक लाइन घ्या. ही गेली तर सगळंच बंद पडेल. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मॅडम, मी एकच बायको केली, काय अडलं माझं?" त्याच महिन्यात त्यांनी स्वागतकक्षात कारंजं बसवलं. निळ्या दिव्याचं. पेशंटची पोरं त्यात हात बुडवत आणि नर्स दिवसभर लादी पुसत बसे.

मग सरपंचपदाची निवडणूक आली. भाऊंची बायको उभी राहिली आणि समोर रमाकांतची बायको. भाऊंची बायको जिंकली. मिरवणूक नेमकी रमाकांतच्या दारात थांबवून भाऊंनी माईक घेतला. "साऱ्या गावाला सिग्नल देणाऱ्याच्या घरात आज सिग्नल नाय!" लोक हसले. रमाकांत दारात उभा होता, आत निघून गेला. काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी आमची लाइन गेली. वायर आंब्यापाशी तुटली होती, आणि माकडं पक्कड वापरत नाहीत.

त्याच सकाळी सोमाला आणलं. सिद्धगडाखालच्या पाड्यावरचा तरणा गडी, मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढला आणि डोक्यावर पडला. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम स्वतः रुग्णवाहिकेतून आल्या होत्या. सोबत सोमाची बायको चांगुणा, पदरावर नवऱ्याचं रक्त. मानेचं हाड मोडलं असेल तर त्याला हलवण्यात धोका, आणि मेंदूत रक्त साचत असेल तर थांबण्यात धोका. मी स्कॅन काढला. मला पांढरट काहीतरी दिसत होतं, पण ते वाचण्याचं शिक्षण ना माझं, ना डॉक्टर मॅडमचं. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं मोबाइलचा टॉवरही आडवा झाला होता. फोन हातात धरून मी अंगणभर फिरले; पडद्यावरचं चक्र नुसतं गरगरत होतं.

"माझं मालक बोलत का नाय?" चांगुणा मला विचारत होती.

भाऊंना घेऊन मी रस्त्यापलीकडे रमाकांतच्या दारात गेले. त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मंडप, पाहुणे, स्पीकर. मला वाटलं, भाऊ सरळ हात जोडतील. पण त्यांनी दारात पोचल्या पोचल्या सुरुवात केली, "रम्या, माझा धंदा बुडवतोस? कंप्लेंट करीन. तुझं लायसन घालवीन!"

रमाकांतनं पाहुण्यांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी माईकवर बोललास ना? मग आज पण माईकवरच बोल. चुकलो म्हण."

मी मध्ये तोंड उघडलं, तर भाऊंनी हातानं गप्प केलं. त्यांचा चेहरा भट्टीतल्या विटेसारखा झाला होता. मला वाटलं, आता हे माघारी फिरणार. पण ते स्टेजवर चढले, भटजींच्या हातातला माईक घेतला, आणि आवाज असा निघाला की मी ओळखलाच नाही. "मी जनार्दन. मी रमाकांतला भर गावात नको ते बोललो. चुकलो. माझं दुकान त्याच्याच तारेवर चालतं. आता एक माणूस माझ्या टेबलावर पडलाय, त्याचा फोटो ठाण्याला जात नाय. रम्या, तो मरंल रे."

मग रमाकांतच ओरडला, "पेशंट हाय? आरं, मग हे आधी नाय सांगायचं?"

नव्या शेरवानीतच तो शिडीवर चढला. दातांनी वायर सोलली. आंब्याचा चीक खांद्यावर गळत होता आणि खालून त्याची बायको, "शेरवानी! आवं शेरवानी!" म्हणत होती. आम्ही परत पोचलो तोवर फोटो गेला होता. ठाण्याहून निरोप आला: मान शाबूत, मेंदूत रक्त साचतंय, ताबडतोब पाठवा, ऑपरेशनची तयारी करतो. रुग्णवाहिका निघाली. चांगुणा मागं वळूनसुद्धा न बघता आत चढली.

सोमा वाचला. जनुभाऊंनी दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, ती वेगळ्या रस्त्यानं आणली, शिवाय सिमकार्डावर चालणारा इंटरनेटचा एक डबाही बसवला. आसनगावच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्यांचं भाषण झालं. "ढगात जायचं तर जमिनीवरनं दोन रस्ते पायजेत. हे मी पयल्यापासून सांगतोय!" मी मागच्या खुर्चीवर होते. आंब्याचा, रमाकांतचा, माझाही उल्लेख नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि भाऊंनी त्या घेतल्या.

पावसाळ्यानंतर सोमा भेटायला आला. डोक्यावर टाक्यांची मोठी खूण, हातात मधाची बाटली. पडल्यानंतरचं त्याला काहीच आठवत नव्हतं. "शेट, तुमी वाचवला मला," म्हणत तो भाऊंच्या पाया पडायला वाकला. आता अर्धा तास भाषण, असं मनाशी धरून मी खुर्ची ओढून बसले.

भाऊंनी त्याला वाकू दिलं नाही. त्या खुणेकडे बघितलं. मग त्यानं पुढे केलेली बाटली त्याच्याच हातात परत दिली. "माझ्याकडं नाय रे. ते आंब्याचं घर दिसतं ना, तिथं दे. तुझी तार रम्यानं जोडली. मी त्याला धमक्या देत बसलो होतो."

सोमा बाटली घेऊन रस्ता ओलांडून गेला. खिडकीतून भाऊ तो रमाकांतच्या दारात पोचेपर्यंत बघत होते. नंतर माझ्याकडे वळले आणि दरडावून म्हणाले, "मॅडम, हे कुठं बोलायचं नाय. मार्केटमध्ये आपलं नाव हाय."