फाशांनी मोडलेला गुडघा

आमच्या कॉलनीतल्या हॉकी लीगमध्ये एकाही माणसाला हॉकी येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. स्टिक हातात घ्यायची तर सोडाच, ती कोणत्या बाजूने चपटी असते हेसुद्धा यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. तरी दर रविवारी सकाळी दहा वाजता हे सगळे घाटकोपरच्या आमच्या हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरींच्या घरी जमायचे आणि भारतीय हॉकीचं भलं करायचे.

सुरुवात झाली ती दिल्लीच्या एशियाडनंतर. फायनलला पाकिस्तानने आपल्यावर सात गोल घातले. ती मॅच अख्ख्या बिल्डिंगने तळमजल्यावरच्या एकुलत्या एका कलर टीव्हीवर पाहिली, आणि त्या संध्याकाळपासून आमच्याकडचा एकेक काका हॉकीतला जाणकार झाला. कुणाला काढायला हवं होतं, कुणाला घ्यायला हवं होतं, गोलकीपरने कुठे उभं राहायला हवं होतं, सगळं यांना माहीत. उंटावरून शेळ्या हाकायला आमच्या कॉलनीत माणसं कधीच कमी पडली नाहीत.

त्यात एकाच्या मेहुण्याने कॅनडाहून एक खोका पाठवला. घरात बसून खेळायचा हॉकीचा खेळ: फासे, कार्डं आणि जाडजूड नियमांचं पुस्तक. मुळात ती बर्फावरची हॉकी. पण आमच्या लोकांना त्याचं काय? घाटकोपरच्या मे महिन्यात बनियनवर बसून, पंख्याखाली कार्डं उडू नयेत म्हणून त्यांवर वाट्या ठेवून, हे बर्फाचे नियम वाचायचे. एकेकाने एकेक टीम घेतली. सेक्रेटरी म्हणजे आमच्या दोन मजले वर राहणारे काका, मुलुंडच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला होते. दिवसभर कोण उशिरा आलं ते मस्टरवर टिपायचं हे त्यांचं काम, आणि लीगसुद्धा त्यांनी त्याच तोऱ्यात चालवली. नियम म्हणजे नियम, फासा पडला म्हणजे पडला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, पण न्हावी निदान भिंतीला तरी लावतो. हे हवेलाच लावायचे.

खरी मजा होती ती 'होतकरूंच्या निवडीत'. दरवर्षी कॉलेजांच्या स्पर्धा संपल्या, की पेपरातल्या बारीक अक्षरातल्या निकालांमधून पोरं हेरायची आणि आपापल्या टीमसाठी उचलायची. सगळ्यात खालच्या टीमने पहिलं उचलायचं. मग अदलाबदल. अंधेरीचा एक फॉरवर्ड द्या, बोरिवलीचे दोन हाफ घ्या, वर पुढच्या वर्षीची पहिली निवड द्या. स्थळाची चौकशी करावी तसे सगळे गंभीर. कुणाला चहात साखर कमी पडली तरी कळायचं नाही. त्या बिचाऱ्या पोरांना पत्ताही नसायचा, की आपल्याला घाटकोपरला कुणीतरी उचललंय आणि दुसऱ्या रविवारी देऊनही टाकलंय.

बाबांची टीम कायम तळाला. त्यामुळे पहिलं उचलायचा मान कायम त्यांचा.

आणि आमच्या घरात एक खराखुरा हॉकी खेळणारा होता. माझा दादा. राइट हाफ खेळायचा. रोज पहाटे उठून शाळेच्या खडबडीत मैदानावर धावायचा, पाय सोलवटून घरी यायचा, स्टिकला जुन्या सायकलची ट्यूब कापून गुंडाळायचा. बी.कॉम. झाला होता, पण मार्क यथातथाच. नोकऱ्यांचे हाल तेव्हा काय होते ते आमच्या पिढीला विचारा. बाबांना रिटायर व्हायला वर्षभर उरलं होतं. वशिला नाही, टायपिंग नाही, दादाकडे एकच गोष्ट होती. बँका, रेल्वे, कंपन्या तेव्हा आपापल्या टीमसाठी खेळाडू घ्यायच्या आणि क्लार्क म्हणून चिकटवायच्या. दादा सगळ्या घराचा भार घेऊन त्या एका दाराकडे पळत होता. दुसरं दार नव्हतंच.

बाबांनी त्याची एकही मॅच पाहिली नाही. मॅच असायच्या टाउनमध्ये, दुपारी, कामाच्या दिवशी. त्यांचं ऑफिस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, ते जाऊ दे. पण एका रविवारी ते घरी आले ते अगदी फुलून. म्हणाले, पहिली निवड वापरली, आपल्या पोराला उचललं. जणू दादा त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा झाला. आई पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, आधी तो कुणाचा होता?

दादाच्या नावाचं कार्ड करून त्यावर मार्क द्यायचे होते, म्हणून सेक्रेटरी मला जिन्यात अडवून विचारू लागले की तुझा दादा पळायला कसा आहे. अहो, तो रोज सकाळी याच जिन्यात तुमच्या बाजूने जातो, दुधाच्या बाटल्या आणायला तीन-तीन पायऱ्या उडवत उतरतो, डोळे आहेत ना? मी म्हटलं, नळाला पाणी आलं की हंडे भरायला सगळ्यात शेवटी येतो. त्यांनी ते गांभीर्याने ऐकून घेतलं आणि वेगाचा एक मार्क कापला. अशी ती थोर निवड समिती.

पावसाळ्यानंतर लीगचा नवा सीझन सुरू झाला, आणि एका रविवारी बाबा तोंड पाडून घरी आले. फाशात दादाला दुखापत आली होती. कार्डावर लिहिलेलं: गुडघा, पूर्ण सीझन बाहेर. दादा तेव्हा मैदानावरून येऊन मोरीत पाय धूत होता. बाबा दारात उभे राहून त्याच्या गुडघ्याकडे इतक्या कळवळ्याने बघत होते, की दादाने खाली वाकून स्वतःच एकदा बघून घेतलं. मला हसू आलं होतं. तेव्हा हसूच येत होतं.

दुसऱ्या रविवारी बाबांनी दादाला देऊन टाकलं. बोरिवलीचे दोन होतकरू घेतले आणि गुडघा गेलेला मुलगा तळमजल्यावरच्या काकांच्या टीमला दिला. सौदा झकास जमला म्हणून स्वतःवर खूश. आईने ऐकलं आणि विचारलं, पोटच्या पोराला दिलंत? बाबा म्हणाले, अगं, भावनेवर टीम चालत नाही. आई त्यांच्याशी चार दिवस मोजकंच बोलली. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

नंतर मुलुंडच्या त्याच कंपनीने, जिथे सेक्रेटरी होते, हॉकीच्या टीमसाठी खेळाडू घ्यायचं ठरवलं. दादाने ट्रायल दिली. इतका चांगला तो कधीच खेळला नव्हता असं त्याचा मित्र सांगत होता. कोचने पाठ थोपटली, म्हणाला, मेडिकलला बोलावतील, तयार राहा. त्या आठवड्यात आमच्या घरात सगळे जपून बोलत होते, जणू मोठ्याने बोललं तर काहीतरी बिघडेल. आईने गणपतीला नारळ बोलून ठेवला. बाबासुद्धा रात्री झोपेतून उठून पाणी प्यायचे.

बोलावणं आलं नाही. मित्राला आलं, आणखी दोघांना आलं. दादा थांबला, थांबला आणि शेवटी मुलुंडला जाऊन कोचला भेटला. कोचने त्याला बघून आधी गुडघ्याची चौकशी केली. आता बरा आहे का म्हणाला, घाई करू नको, वय आहे तुझं. दादाला कळेचना. मग कळलं. कंपनीचा जो स्पोर्ट्स ऑफिसर होता, त्याने मुलगा आपल्याच टाइम ऑफिसातल्या माणसाच्या बिल्डिंगमधला म्हणून सहज विचारलं होतं, कसा आहे. सेक्रेटरींनी सांगितलं, घर चांगलं आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, पण गुडघा गेलाय, पूर्ण सीझन बाहेर आहे. ट्रायलनंतर लागलं असेल, असं त्यांनी धरलं. एवढी पोरं रांगेत असताना गेलेल्या गुडघ्याला मेडिकलला कोण बोलावणार?

हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. या माणसाने मुद्दाम केलं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. द्वेष समजतो. पण याने चांगल्या मनाने सांगितलं होतं. रोज सकाळी जिन्यात दादा त्याच्या बाजूने उड्या मारत उतरत होता, आणि याच्या डोक्यात मात्र कार्ड. डोळ्यांनी दिसलं ते खोटं, फाशात पडलं ते खरं. असली माणसं मी पुढेही पुष्कळ पाहिली, मोठमोठ्या खुर्च्यांवर. पण अशा माणसांची पहिली ओळख मला त्या जिन्यात झाली.

रविवारी दादा वर गेला, मीही गेले. सगळे जमलेले, फासे मांडलेले, कांदाभजीचा वास सुटलेला. बाबाही होते. दादाने शांतपणे सांगितलं काय झालं ते. सेक्रेटरींचा चेहरा उतरला, नाही असं नाही. त्यांनी कार्ड उचलून पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, मी खोटं काही बोललो नाही, नोंद तशी आहे. मी म्हटलं, काका, तुमची नोंद गेली खड्ड्यात. बाबांनी मला गप्प बसवलं. मला.

दादाने एवढंच मागितलं, "काका, उद्या ऑफिसात जाऊन साहेबांना सांगा, की चुकलं माझं, मुलाचा गुडघा धड आहे."

सेक्रेटरी भजी चावायचे थांबले. मग जे बोलले त्यात सगळं आलं. साहेब विचारतील, ही माहिती आणली कुठून. काय सांगू? फासे टाकले म्हणून? प्रमोशन तोंडावर आलंय, लोक वेड्यात काढतील. बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरंच आहे, अवघड आहे, असं म्हणाले. वेड्यात निघायची भीती यांना तेव्हा वाटली. इतकी वर्षं बर्फाचे नियम पाठ करताना नव्हती वाटली.

दादा बाबांकडे वळला. म्हणाला, मग तुम्ही चला. वडील म्हणून सांगा, ऐकतील. बाबांनी समोरचे फासे एका ओळीत लावले. शेवटी म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' आम्हा घरच्यांना चांगलं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी बाबा डबा घेऊन नेहमीसारखे ऑफिसला गेले. आईने गॅस बंद केला, घडीची साडी काढली आणि म्हणाली, चला. ती सातवी शिकलेली बाई, आयुष्यात कुठल्या कंपनीच्या फाटकातून आत गेली नव्हती. वॉचमनशी तिने असा काही आवाज चढवला, की त्याने आम्हाला सरळ स्पोर्ट्स ऑफिसरकडे नेऊन सोडलं. मोठा हॉल होता, टेबलांच्या रांगा. एका रांगेत सेक्रेटरी बसले होते. आम्ही दिसलो आणि त्यांनी मान खाली घातली ती घातलीच.

आईने आढेवेढे घेतले नाहीत. साहेबांना म्हणाली, हा माझा मुलगा, ह्याच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, तुम्हीच बघा. आणि दादाला म्हणाली, "काढ रे उठाबशा."

बावीस वर्षांचा माझा दादा त्या हॉलमध्ये, सगळ्या क्लार्क लोकांसमोर, हात पुढे धरून उठाबशा काढू लागला. कुणीतरी हसलं, मग हसणं थांबलं. टाइपरायटर थांबले. तो थांबेना. आई त्याला थांब म्हणेना. घाम त्याच्या हनुवटीवरून फरशीवर पडत होता, आणि त्याची नजर समोर भिंतीवर होती, आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. शेवटी साहेबच उठून आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. चांगला माणूस होता. म्हणाला, बाई, शनिवारी यायला हवं होतं, जागा भरल्या, सह्या झाल्या. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी ती टीमच बंद झाली. दादा कुर्ल्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पावत्या फाडायला लागला, आणि पुढे हळूहळू मैदानावर जायचा तो थांबला. हे नंतरचं. मला सांगायचंय ते त्या आठवड्याच्या रविवारचं.

त्या रविवारी लीगची खास सभा भरली. जे घडलं त्याचं सगळ्यांना फार वाईट वाटलं होतं म्हणे. म्हणून चहा-चिवड्यावर सर्वांनी एकमताने ठराव केला, की दादाचा गुडघा बरा झाला असं समजण्यात यावं. नियमाला अपवाद म्हणून. मागच्या तारखेपासून. वर त्याचा वेगाचा कापलेला मार्कही परत दिला. आणि बाबांनी तिथल्या तिथे अदलाबदल केली. बोरिवलीचे दोन्ही होतकरू तळमजल्यावरच्या काकांना दिले आणि दादाला परत आपल्या टीममध्ये घेतलं.

दुपारी ते घरी आले ते हसत. दादा जेवायला बसला होता. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, परत आणलं रे तुला, दोन चांगले खेळाडू देऊन आणलं, सगळे नको म्हणत होते. त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी काहीतरी केलंय. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला ते पाणी बघून चीड आली, आजही येते.

दादाने घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"दोघं कशाला दिलेत बाबा? सोमवारी नुसते बरोबर आला असतात तरी चाललं असतं."

बाबांनी पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "सोमवार होता रे. मस्टर असतं."