अंपारो वाळूवर जाते

लिब्रादोच्या हातून आयुष्यात एकही अपघात झाला नाही, आणि याचा सगळ्यात जास्त त्रास त्याच्या बायकोला झाला.

शाळेची पिवळी बस चालवणारा माणूस. रेल्वेचे रूळ आले की बस थांबवायची, दार उघडायचं, पोरांना गप्प करायचं आणि आगगाडी येत नाही ना हे कान देऊन ऐकायचं, असा त्या नोकरीचा नियमच. लिब्रादोने तो घरच्या गाडीलाही लावला. भाचीच्या लग्नाला निघालेत, उशीर झालाय, मागचा हॉर्न वाजवून वाजवून थकलाय, आणि हा रुळांशी काच खाली करून बसलाय. "श्श," म्हणायचा, "ऐकू दे." अंपारो नटूनथटून शेजारी बसायची आणि दात आवळायची.

तिची स्वतःची नोकरी ब्रॉली गावाबाहेरच्या भाजीच्या शेडमधली. लेट्यूसचे गड्डे पुसायचे, खोक्यात बसवायचे, खोकं पुढे ढकलायचं, हे सगळं उभ्याने. माल चढवायच्या दारातून हिवाळ्यात पूर्वेला एक फिकट रेघ दिसायची. ते ग्लॅमिसचे वाळूचे डोंगर. नोव्हेंबर आला की तिकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग अंपारोच्या घरावरून जायची. मागे बांधलेल्या बग्ग्या, म्हणजे वाळूत पळवायच्या उघड्या गाड्या, चारचाकी मोटरसायकली, त्यांच्यावर उंच काठ्या, काठ्यांवर फडकणारी निशाणं. तिचा धाकटा भाऊ नांदो मिसरूड फुटल्यापासून त्या रांगेत असायचा. ती फाटकाशी उभी राहून हात हलवायची आणि मग घरात येऊन थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या टर्कीला मसाला चोळायची.

"एकदा जाऊ या रे आपण," ती दर वर्षी म्हणायची. लिब्रादो कधी नाही म्हणाला नाही. हीच तर त्याची खोच. पोरं लहान आहेत, जरा थांब. पोरं मोठी झाली, तर आता त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं, जरा थांब. मग तिचे गुडघे गेले, आणि त्याच्या हातात आयतं कारण आलं.

यंदा मात्र त्याची कारणं संपली. गुडघा बदलून वर्ष होत आलं होतं. लिब्रादो निवृत्त झाला होता. मुलगी सान दिएगोला, मुलगा फिनिक्सला, आणि दोघंही यंदा थँक्सगिव्हिंगला आपापल्या सासरी जाणार होते. त्यात नांदोने बातमी आणली की नव्या वर्षात तो कामासाठी बायकोला घेऊन टेक्सासला जाणार, दोन माणसांची बग्गी विकून टाकणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

अंपारोने रात्रीच्या जेवणावर सांगून टाकलं. "या वर्षी घरात टर्की शिजणार नाही."

"मग खायचं काय?"

"वाळूत जे मिळेल ते. नांदोबरोबर जायचंय. मोठ्या डोंगराच्या माथ्यावर बसून मला सूर्य बुडताना बघायचाय. आणि बग्गी मी चालवणार."

लिब्रादोचा घास हातातच राहिला. "आणि मी?"

"तू शेजारी. तुझ्याशिवाय जायचं असतं तर केव्हाच गेले असते, म्हाताऱ्या."

हे मात्र तिने मनापासून सांगितलं होतं. नांदोने कितीदा तरी 'चल ताई, मी नेतो' म्हटलं होतं. पण तिला तो माथा भावाशेजारी बसून नको होता. ज्याने इतकी वर्षं थांबवून ठेवलं, त्यानेच शेजारी बसून बघावं, एवढीच तिची हट्टाची गोष्ट होती.

लिब्रादो एकदा हरला की मनापासून हरतो. दुसऱ्या दिवसापासून त्याने तयारीचा असा धडाका लावला की अंपारोला वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पाण्याचे कॅन इतके जमवले की नांदोची बायको मिर्ना अंगणात येऊन उभीच राहिली. "दाजी, आपण वाळूत चाललोय की वाळू भिजवायला चाललोय?" त्याने तंबूचे खुंटे आणले, ते आखूड वाटले म्हणून लांब आणले. शेकोटीसाठी मालाच्या लाकडी फळ्या तोडून ठेवल्या, तर मिर्नाने त्या परत काढायला लावल्या. फळ्या जळतात, खिळे वाळूत राहतात, आणि मग कुणाच्या तरी टायरात घुसतात. लिब्रादोचा चेहरा पडला. धोक्याची एक गोष्ट आपल्याला माहीत नव्हती, याचं त्याला वाईट वाटलं.

हेल्मेट आणल्यावर तर कहर झाला. डोक्यावर नीट बसतंय का ते कळावं म्हणून अंपारोने घरात घालून वावरावं असं त्याचं म्हणणं. तिने हेल्मेट घालून घेवडा शिजवला, हेल्मेट घालून मक्याच्या पिठाचे तमाले वळले. शेजारीण वाटी मागायला आली ती तशीच परत गेली.

बग्गी चालवायला नांदोने तिला कालव्याच्या काठच्या कच्च्या रस्त्यावर शिकवलं. "ताई, एकच ध्यानात ठेव. वाळूच्या चढावर पाय उचलायचा नाही. उचललास की रुतलीस."

"हळू," शेजारी बसलेला लिब्रादो म्हणाला.

"दाजी, हळू नाही. हळू म्हणजेच रुतणं."

"तरी पण हळू." आणि त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला. अंपारोने ते पाहिलं आणि हसून रस्त्याकडे वळली. धुरळा उडत होता, बाजूला गवताचं शेत हिरवंगार होतं आणि तिला आपण वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं.

निशाण तिने स्वतः शिवलं. वाळूत उंच काठीवर निशाण हवंच. डोंगराच्या पलीकडून येणाऱ्याला गाडी दिसत नाही, निशाणाचं टोक आधी दिसतं. ज्याचं त्याचं निशाण वेगळं, आणि पहिल्यांदा येणाऱ्याने ते विकत आणायचं नाही, आपल्याकडच्या कापडाचं करायचं, अशी नांदोच्या टोळीची रीत. अंपारोने शेडमधला जुना नारिंगी अॅप्रन काढला. पोटाशी खोकी घासून घासून तो विरला होता, पण रंग अजून झगझगीत होता. लिब्रादो बराच वेळ बघत बसला. मग आपलं पिवळं जाकीट, रस्त्यावर पोरं उतरवताना घालायचं ते, घेऊन आला आणि त्याच्या चमकत्या पट्ट्या उसवून तिच्यापुढे ठेवल्या.

"हे पण लाव," म्हणाला. "लांबून दिसेल."

अंपारोने लावल्या. तिला एकदम भरून आलं, पण सुई हातात होती, म्हणून तिने ते पुढच्या टाक्यावर ढकललं.

आणि गेले एकदाचे. ट्रेलर गोल करून उभे केलेले, मध्ये शेकोटी, जाळीवर मसाल्यात मुरवलेलं मांस, कोळशावर फुगणाऱ्या तोर्तिया. अंपारो खुर्ची टाकून बसली आणि वाळूत अनवाणी पाय घातले. बारीक, गार वाळू बोटांमधून पिठासारखी सरकत होती. इतकी वर्षं लांबून पाहिलेली ती रेघ आता चहूबाजूंनी तिच्याभोवती होती. लिब्रादो तेव्हा तंबूचा खुंटा तिसऱ्यांदा ठोकत होता. त्यामुळे नांदोने आणि बाकीच्यांनी फिरून सगळ्या गाड्यांच्या चाकांतली हवा कमी केली, ते त्याला दिसलं नाही.

घोटाळा झाला तो पहाटे. लिब्रादोला पहाटे जाग येते, आणि जाग आली की पाय आपोआप गाडीकडे वळतात. बस काढण्याआधी प्रत्येक टायर लाथेने ठोकून बघायचा, ही त्याची सकाळची प्रार्थना. त्याने बग्गीचा टायर ठोकला. मऊ. नांदोच्या ट्रकचा ठोकला. मऊ. शेजारच्यांचे ठोकले, तेही मऊ. थंडीने हवा बसली, असा त्याने निकाल दिला. गाडीवर चालणारा पंप काढला आणि माणसं झोपेत असताना, जनरेटरांच्या घरघरीत, त्याने गोलातलं चाक अन् चाक टणक करून ठेवलं. मग समाधानाने कॉफी टाकली.

न्याहारी करून सगळे निघाले, आणि सगळेच रुतले. पहिली नांदोची बग्गी, मग मिर्नाची मोटरसायकल, मग शेजारचा ट्रक, तोही थेट आसापर्यंत. टणक चाकं वाळू खात खाली जात होती. कुणाला काही कळेना. नांदोने उतरून टायर दाबला, आणि हळूच मान वळवून पंपाकडे पाहिलं.

"दाजी! हवा तुम्ही भरलीत?"

"कमी होती."

"कमी केली होती! वाळूत चाक पसरायला हवं, म्हणून मुद्दाम कमी केली होती! ब्रॉलीतल्या शेंबड्या पोराला माहीत असतं हे! संपूर्ण जन्म वाळूच्या उशाशी काढला, आणि..." नांदो पुढे बोलला नाही, पण वाक्य सगळ्यांनी मनात पुरं केलं. शेजारचा ट्रकवाला फावडं शोधत मोठ्याने हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं, पण लिब्रादोचे कान लाल झाले.

त्याने हेल्मेट काढलं, तंबूशी नेऊन उलटं ठेवलं. "तू नांदोबरोबर जा," तो अंपारोला म्हणाला. "मी इथे आहे."

अंपारोला हा आवाज ठाऊक होता. आज हा तंबूशी बसला तर पुन्हा कधी येणार नाही, आणि ती नांदोबरोबर माथ्यावर गेली तरी ते जाणं अर्धंच राहील. ती त्याची समजूत काढायला गेली नाही. बग्गीच्या चाकाशी गेली, वाळूवर हात टेकला, आणि नवा गुडघा हळूहळू वाकवून खाली बसली.

"अगं, गुडघा!" लिब्रादो ओरडला.

"मग ये ना. किल्लीचं टोक इथे दाबायचं म्हणतात. हवा किती सोडायची ते मला कुठे कळतंय? आयुष्यभर चाकं तूच ठोकलीस."

तो आला. तिच्या शेजारी बसला. हवा फुस्स करून निघू लागली, आणि तो टायरवर तळहात ठेवून वाट पाहत राहिला.

"मला माहीत होतं गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हवा कमी करतात हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं."

अंपारोला हसू आवरेना. ती वाळूत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली, आणि शेवटी तोही हसला.

मग दोघांनी मिळून गोलातल्या सगळ्यांच्या चाकांतली हवा सोडली. दुपार त्यातच गेली. ट्रकवाल्याने बिअर आणून दिली, त्याच्या बायकोने भोपळ्याच्या पायचा मोठा तुकडा. लिब्रादोचं नाव तोवर 'हवालदार' पडलं होतं आणि आता ते टेक्सासपर्यंत जाणार होतं. नांदोही विरघळला. "दाजी," तो म्हणाला, "उद्या पहाटे तुमचे पाय बांधून ठेवणार आहे."

ऊन पिवळं झालं तेव्हा अंपारोने बग्गी सुरू केली. मागे नारिंगी निशाण उभं राहिलं, पट्ट्या चमकल्या. लिब्रादो हेल्मेट चढवून शेजारी बसला, पट्टा ओढून दोनदा तपासला, आणि निघाले. मऊ चाकं वाळूवर तरंगल्यासारखी जात होती. त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, पण तोंडातून 'हळू' निघालं नाही. माथा अगदी हाताशी आला, आणि त्याने हात वर केला.

"थांब."

अंपारोने बग्गी कडेच्या सपाट जागी थांबवली. मनात म्हणाली, झालं. इथवर आलो आणि शेवटी थांबच.

"पलीकडून कोणी येत असेल तर दिसणार नाही," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं. नांदोनेही तेच बजावलं होतं. लिब्रादो उतरला, उरलेला चढ चालत, दर पावलाला घोट्यापर्यंत रुतत, धापा टाकत चढला. माथ्यावर पोचून त्याने हेल्मेट काढलं, मान तिरकी केली आणि कान दिला. अगदी रुळांशी करायचा तसा. खाली अंपारो हातावर हात ठेवून बसली. सूर्य त्याच्या पाठीमागे होता, आणि त्याची सावली वाळूवरून तिच्या चाकांपर्यंत आली होती. लग्नाला उशीर झालेले ते सगळे दिवस तिला आठवले. आता हा उतरून येईल, म्हणेल, राहू दे, उद्या बघू.

तो तिच्याकडे वळला. दोन्ही हात वर केले आणि पोरांना रस्ता ओलांडून बोलवायचा तसे आपल्या अंगाकडे ओढले.

"ये!" तो ओरडला. "मोकळं आहे! ये, अंपारो! आणि पाय उचलू नकोस!"

तिने उचलला नाही.