टाकी रिकामी आहे, काप

टाकी फुटली आणि नवरा भिंतीवर जाऊन आदळला. मी दहा पावलांवर जुन्या रिक्षाच्या सीटा फाडत होते. माझ्या हातात पत्रा घुसला. तसाच हात धरून त्याच्यापाशी गेले, तर तो संपला होता.

शिरवण्यातला भंगारवाडा होता तो. टाकी सीएनजीची. शेठने तिच्यावर पाना मारून आवाज ऐकला, "रिकामी आहे, काप," म्हणाला आणि स्वतः आत ऑफिसात जाऊन बसला. नवऱ्याने गॅसकटर लावला. पोलिसांना शेठने सांगितलं, हा बिडी ओढत होता. माझा माणूस तंबाखू खायचा, बिडीला त्याने कधी हात लावला नाही. मी तसं बोलले. कोणी लिहून घेतलं नाही.

पुढे नावड्याजवळ सरकारी परवान्याचं गाड्या मोडायचं केंद्र निघालं. तिथे मी वायरी सोलायला लागले. तिथे गाडी आली की आधी तेल, पेट्रोल, गॅस काढतात, गॅसचा मीटर लावून बघतात, मगच कटर. पहिल्या दिवशी ते बघितलं आणि घरी जेवण गेलं नाही.

एक दिवस शेठ तिथे आला. त्याला गाड्या कापायचा ठेका हवा होता. केंद्राच्या इंजिनिअर बाईंसमोर बसून मोठेपणा सांगत होता. मी वायरी टाकून दारात गेले.

"शेठ, टाकी रिकामी झाली हे तुम्हाला कसं कळतं?"

त्याने मला ओळखलं नाही. हसला. "मावशी, सगळं आयुष्य यात गेलं. पाना मारला की आवाजावर कळतं. मीटर नवशिक्यांना लागतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"शिरवण्यात माझ्या नवऱ्याला कापायला लावलंस, तेव्हापण पानाच मारला होतास ना?"

आता ओळख पटली. "वहिनी, तो बिडी..."

"बिडी राहू दे. पाना कोणी मारला, तेवढं बाईंना सांग."

बाईंनी त्याचा अर्ज परत दिला.

माझं तेवढ्यावर भागलं नाही. सुट्टीच्या दिवशी बाकीच्या केंद्रांवर जाऊन मी त्याचं नाव आणि त्याची रीत सांगून आले. नंतर रिक्षा स्टँडवर भेटला. "वहिनी, पोटावर पाय का आणता?"

"तुला पोट आहे अजून," मी म्हटलं.

त्याला कुठेच ठेका मिळाला नाही, त्याचा वाडा बंद झाला. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

टाकी फुटली त्या दिवशी वाड्यात आम्ही तिघं होतो. नवरा मेला. शेठ आणि मी जगलो.